आपसात ठरलेला घटस्फोट: वकील कधी लावायचा, कशासाठी लावायचा आणि कोणत्या क्रमानं पुढे जायचं

"आमचं काही भांडण नाहीये, सगळं ठरलंय, फक्त कागद करायचेत." परस्पर संमतीनं वेगळं होणारी बहुतेक जोडपी वकिलाकडे जातात ती हे वाक्य घेऊन, आणि जातात ती सगळ्यात शेवटी, म्हणजे पैसे, घर, मुलं सगळं दोघांनी नाहीतर दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ठरवल्यावर. मग वकील फक्त टायपिंग करतो. चूक होते ती इथेच. कारण कोर्टात जाणारा सहमतीच्या अटींचा कागद, ज्याला सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतात, त्यावर एकदा डिक्री, म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूमनामा, झाली की त्याविरुद्ध अपील नसतं. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १९ मध्येच लिहिलंय की संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील करता येत नाही. फसवणूक झाली असं सिद्ध करायला गेलात तर वाट आहे, पण ती लांबची. "आम्हाला तेव्हा कळलं नाही" याला कोर्टात किंमत नाही.

म्हणून हा लेख. यात मी हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ब बद्दल बोलतोय, तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू होतो. नोंदणी पद्धतीनं म्हणजे विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालं असेल तर कलम २८ आहे, रीत जवळपास तीच. ख्रिश्चन, पारशी आणि मुस्लिम जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी खालचा अटींचा भाग जरूर वाचा पण मुदतीचे आकडे आपल्या कायद्याचे बघा.

१. आधी बघा, तुमची केस या वाटेनं जाते का

तीन गोष्टी लागतात: किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य नाही हे दोघांना मान्य असणं, आणि लग्न संपवायला दोघांची मनापासून संमती.

वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरातच राहायला पाहिजे असं नाही. सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच सांगितलंय की एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच. भाडं परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत राहणारी जोडपी उगाच घाबरतात, किंवा मग पिटीशनमध्ये खोटा पत्ता टाकतात, तो टाकू नका, खरं काय ते वकिलाला सांगा, ते नीट शब्दांत लिहिता येतं.

कुठे दाखल करायचं? लग्न जिथे झालं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा बायको आत्ता जिथे राहते, यातल्या कुठल्याही ठिकाणच्या कोर्टात. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत फॅमिली कोर्ट आहे, जिथे नाही तिथे तिथल्या दिवाणी न्यायालयात जायचं. बायको माहेरी दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तारखांना कुणी प्रवास करायचा हे आत्ताच ठरवा.

*सावधान:* स्टॅम्प पेपरवर "आम्ही राजीखुशीनं फारकत घेत आहोत" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घटस्फोट झाला, असं अजूनही कित्येक जण धरून चालतात. तसा होत नाही. काही समाजांत रूढीनं चालत आलेली काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी खरोखर आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नुसत्या नोटरीच्या कागदावर दुसरं लग्न केलं तर पहिलं लग्न अजून जिवंत धरलं जातं आणि दुसऱ्या लग्नाचा गुन्हा लागू शकतो, भारतीय न्याय संहितेत त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

*सावधान:* मारहाण, धमकी, "सही केली नाहीस तर मुलं मिळणार नाहीत" असलं काही चालू असेल तर त्याला आपसातला घटस्फोट म्हणू नका. दबावाखाली दिलेली संमती कायद्यात संमतीच नाही. अशा वेळी आधी स्वतःचा वेगळा वकील गाठा, मग बाकीचं.

२. वकील लावणं: कधी, कोणाचा, आणि एक की दोन

एक खरी गोष्ट आधी सांगतो. फॅमिली कोर्टात वकील असलाच पाहिजे अशी सक्ती नाही, उलट कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १३ म्हणतं की तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती साधारणपणे मिळते. म्हणजे नुसत्या कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही दोघं स्वतः अर्ज करून घटस्फोट घेऊ शकता. मग वकील कशाला?

कारण कोर्टातलं कोणीच तुमच्या एकट्याच्या बाजूनं कागद वाचत नसतं. मॅरेज काउन्सेलर बघतो की समेट शक्य आहे का. न्यायाधीश बघतात की संमती खरी आहे का, कायद्यातल्या अटी पुऱ्या झाल्यात का. पण "फ्लॅट पत्नीच्या नावे करण्यात येईल" या ओळीत तारीख नाही, कर्जाचं काय ते नाही, स्टॅम्प ड्युटी कोणी भरायची ते नाही, हे तुम्हाला थांबवून सांगणं हे त्यांचं काम नाही. ते वकिलाचं काम. आपसातल्या घटस्फोटात वकील भांडायला लागत नाही, लागतो तो पुढच्या दहा वर्षांत काय काय बिघडू शकतं याचा विचार करून तो कागदावर आणायला. दोघं चांगले आहात, मान्य, पण पुढे कोणाचं दुसरं लग्न होईल, कोणाची नोकरी जाईल, कोणी परदेशी जाईल, कोणी वारेल, आणि तेव्हा तुमच्या चांगुलपणाच्या जागी फक्त तो कागद असेल.

कधी गाठायचा: आकडे ठरायच्या आधी. एक बैठक पुरते. घरच्यांच्या बैठकीत "एवढे लाख द्या आणि विषय संपवा" असं तोंडून गेलं की नंतर वकिलानं काहीही सांगितलं तरी मागे येणं अवघड होतं, समोरच्याला वाटतं शब्द फिरवला.

एक वकील की दोन? संमतीच्या पिटीशनमध्ये दोघांनी मिळून एकच वकील देणं सर्रास चालतं, खर्च वाचतो. पण तो वकील बहुतेक वेळा दोघांपैकी एकाच्या ओळखीचा असतो, फी पण तोच देतो, आणि दुसऱ्याला वाटत राहतं की आपला पण वकील आहे. माझं स्पष्ट मत: अर्ज एकाच वकिलानं दाखल करू दे, पण अटींचा मसुदा दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाकडून एकदा तरी वाचून घ्यावा. ज्याच्या हातात कमी पैसे आहेत, ज्यानं नोकरी सोडून घर-मुलं बघितली, त्यानं तर हे टाळूच नये, समोरचा कितीही भला असो. आणि समोरच्यानंही याचा राग मानू नये, उलट दोघांना वेगळा सल्ला मिळाला होता हे असेल तर पुढे "माझ्याकडून फसवून सही घेतली" असं म्हणायला जागा उरत नाही.

पैसे नाहीत म्हणून अडत असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० हा टोल फ्री नंबर आहे.

पहिल्या भेटीत हे विचारा:
- फक्त कौटुंबिक केसेस किती करता, की सगळंच करता?
- फीमध्ये काय काय धरलंय? मसुदा, दोन्ही तारखा (अर्ज दाखल करतानाची पहिली, आणि सहा महिने थांबून संमती पुन्हा सांगायची दुसरी), त्या सहा महिन्यांच्या मुदत माफीचा अर्ज, डिक्रीची नक्कल?
- घराचं बक्षीसपत्र, बँकेचं काम तुम्ही बघणार की वेगळं कोणी?
- तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर?

फी लेखी घ्या, टप्प्याटप्प्यानं द्या. पोटगीच्या रकमेत टक्के मागणारा वकील भेटला तर उठून या, निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

*तपासा:* वकीलपत्रावर सही करताना ते पूर्ण भरलेलं आहे का? कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर कोणासाठीच सही नको. आणि कागद इंग्रजीत असेल, तुम्हाला इंग्रजी नीट येत नसेल, तर मराठीत लिहून किंवा ओळ न् ओळ समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे.

३. बोलणीला बसायच्या आधी कागद गोळा करा

इथे लोक फार घाई करतात. दोघांकडे काय आहे आणि किती देणं आहे हेच माहीत नसेल तर वाटणी कसली करताय?

दोघांनी आपापलं हे काढा: मागच्या तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, सगळ्या बँक खात्यांची स्टेटमेंट, एफडी, म्युच्युअल फंड, पीपीएफ, ईपीएफची शिल्लक, विमा पॉलिसी, घराचा करारनामा आणि इंडेक्स २, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, शेती असेल तर ७/१२, गाडीची कागदपत्रं, आणि सगळी कर्जं, यात क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि दुसऱ्या कोणासाठी जामीन राहिला असाल तर ते पण. दागिन्यांची वेगळी यादी करा, कोणाकडून आले, आत्ता कुठे आहेत, लॉकर कोणाच्या नावावर.

एक चांगली सोय सांगतो. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा एक ठरावीक नमुना घालून दिलाय. तुमच्यात वाद नसला तरी दोघांनी तोच नमुना भरून एकमेकांना द्या. त्यात इतके बारीक रकाने आहेत की विसरलेलं सगळं आठवतं. आणि अटींमध्ये एक ओळ टाका की दोघांनी आपली सगळी मालमत्ता उघड केली आहे आणि त्यावर विसंबून हा समझोता झालाय. कोणी काही लपवलं असेल तर पुढे हीच ओळ उपयोगी पडते.

४. सहमतीच्या अटी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

प्रत्येक कलमाला एक कसोटी लावा: समोरच्यानं हे पाळलं नाही तर मी कोर्टात अंमलबजावणीची दरखास्त टाकू शकतो का? कोणी, काय, किती, कधीपर्यंत आणि न केल्यास काय, यातलं एक जरी नसलं तरी ते कलम कच्चं आहे.

कच्चं कलम असं दिसतं: "अर्जदार क्र. १ मुलाच्या शिक्षणाचा योग्य तो खर्च करतील." पक्कं असं: "अर्जदार क्र. १ हे मुलाची शाळेची फी मागणीपत्र मिळाल्यापासून १० दिवसांत थेट शाळेच्या खात्यात भरतील, आणि शिवाय दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत अमुक रुपये अर्जदार क्र. २ यांच्या खात्यात जमा करतील, ही रक्कम दर वर्षी एप्रिलपासून अमुक टक्क्यांनी वाढेल."

पोटगी. एकरकमी की दरमहा हे दोघांच्या परिस्थितीवर आहे, पण टॅक्सचा फरक लक्षात ठेवा: दरमहा येणारी पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम भांडवली धरली जाते, मुंबई हायकोर्टाचा तसा जुना निकाल आहे. दरमहाची ठरवली तर वाढ, नोकरी गेल्यास काय, देणारा वारल्यास काय, हे लिहा. देणाऱ्याच्या नावावर टर्म इन्शुरन्स काढून त्यात मुलांची सोय करणं हा चांगला उपाय आहे, तो फारसा कोणी वापरत नाही.

"पत्नीनं पोटगीचा हक्क कायमचा सोडला आहे" हे एक वाक्य लिहून घेतलं की पुढचा सगळा त्रास मिटला असं नवऱ्याकडच्यांना वाटतं, आणि बायकोला वाटतं की सही केली म्हणजे आता काहीच मिळणार नाही, आणि दोघंही अर्धवट माहितीवर चाललेले असतात. काहीही न देता नुसता हक्क सोडून घेतलेले करार कोर्टांनी सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून बाजूला ठेवलेले आहेत. मुलांचा खर्च मागायचा हक्क तर आईला मुलांच्या वतीनं सोडताच येत नाही. म्हणून काय दिलं, कशापोटी दिलं, ते मिळाल्यावर कोणता हक्क मागे घेतला, हे सगळं जोडून लिहावं लागतं, आणि हे घरी बसून जमणारं काम नाहीये.

मुलं. "मुलगी आईकडे राहील, वडील कधीही भेटू शकतील." ऐकायला किती छान! पण "कधीही" म्हणजे प्रत्यक्षात कधीच नाही, किंवा रात्री अकरा वाजता दारात. म्हणून वार, वेळ, आणायचं-सोडायचं कोणी, मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी कशी, आजारी असताना काय, व्हिडिओ कॉल कधी, शाळेच्या मीटिंगला दोघं जाणार का, हे लिहा. दोघं समजूतदार असाल तर रोजच्या व्यवहारात हे कडक पाळू नका, सोडा थोडं, पण कागदावर असू दे.

तीन गोष्टी हमखास राहतात. पासपोर्ट: अज्ञान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती मागतात, नाहीतर कोर्टाचा आदेश, म्हणून सही कोण आणि किती दिवसांत देणार हे लिहा. शहर बदलणं: ज्याच्याकडे मूल आहे त्याला नोकरीसाठी दुसरीकडे जायचं झालं तर किती आधी कळवायचं. आणि बारावीनंतरचं शिक्षण: खर्चाचा मोठा भाग तोच असतो आणि अटी मात्र अठरा वर्षांवर येऊन थांबतात.

ताब्याचा आदेश बाकी अटींसारखा कायमचा गोठत नाही, परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी कोर्ट तो बदलू शकतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे कायद्यात आहे, पण शेवटी मुलाचं हितच बघतात.

स्त्रीधन. ते बायकोचंच आहे, वाटणीत धरायचंच नाही. यादी अटींना जोडा, वजनासकट, आणि दिल्या-घेतल्याच्या सह्या तारखेसकट. "सर्व दागिने परत मिळाले" अशी ओळ दागिने प्रत्यक्ष हातात यायच्या आधी लिहू देऊ नका.

आधीच्या तक्रारी. आता समेटानं चाललं असलं तरी मधल्या काळात कोणी काही दाखल केलेलं असतं. घरगुती हिंसाचाराचा अर्ज किंवा पोटगीची केस मागे घेता येते. पण ४९८अ, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं कलम, आताच्या न्याय संहितेतलं कलम ८५, आपसात मिटवता येत नाही, एफआयआर रद्द करायला हायकोर्टातच जावं लागतं आणि तिथे तक्रारदार बाईचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. "केसेस मागे घेण्यात येतील" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. केस नंबर, अर्ज कोण करणार, किती दिवसांत, खर्च कोणाचा, हजर राहायची हमी, सगळं.

*तपासा:* मसुदा तयार झाल्यावर दोघांपैकी कोणालाही न ओळखणाऱ्या एका शहाण्या माणसाला वाचायला द्या. त्याला प्रत्येक कलमावर "कोणी, काय, कधी" हे न विचारता कळलं पाहिजे.

५. घर असेल तर क्रम चुकवू नका

फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यावर होम लोन, आणि ठरलंय की तो एकाकडे राहणार. बहुतेकांचं हेच असतं. आणि बहुतेकांना वाटतं की डिक्रीत लिहिलं म्हणजे फ्लॅट नावावर झाला. तसं होतंच असं नाही, स्थावर मालमत्तेचा हक्क दुसऱ्याच्या नावे करायला साधारणपणे नोंदणीकृत दस्त लागतो, सब-रजिस्ट्रारकडे जावंच लागतं.

१) आधी बँक. तुमच्या अटींशी बँकेचं काही देणंघेणं नाही, दोघं कर्जदार असाल तर घटस्फोटानंतरही बँक दोघांना धरणार. ज्याच्याकडे घर राहणार त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का ते विचारा, लेखी उत्तर घ्या. बसत नसेल तर अख्खा समझोताच बदलावा लागेल, म्हणून हे बोलणीच्या वेळी, मागाहून नाही. हप्ते थकले तर सिबिल दोघांचं खराब होतं हे विसरू नका.

२) बँकेची एनओसी.

३) मग दस्त. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असेल तिथे तो वेगळा. ही सवलत नवरा-बायको या नात्याला आहे. डिक्री झाली की नातं संपलं, सवलत पण संपली, मग बाजारभावावर पूर्ण शुल्क. इन्कम टॅक्सचंही तसंच: जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त, माजी जोडीदार मात्र नातेवाईकांच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे नंतर केलेल्या हस्तांतरावर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. या एका क्रमापायी लाखांचा फरक पडतो आणि तो वकिलाच्या फीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

पण आधी देऊन टाकणाऱ्याचा धोका पण खरा आहे. घर दिलं आणि समोरच्यानं संमती काढून घेतली तर? म्हणून दस्त दुसऱ्या तारखेच्या अगदी आधी कसा बसवायचा, अटींत त्याचा उल्लेख कसा करायचा, आणि बक्षीस म्हणून दिलेलं घर पोटगीचा मोबदला म्हणून कोणी वाचणार नाही असे शब्द कसे वापरायचे, हे वकिलानं आणि जमलं तर सीएनं मिळून बघायचं. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करा असं कोणी सांगितलं तर थांबा आणि शुल्क विचारा. वडिलोपार्जित मालमत्तेला आणि तुम्ही विकत घेतलेल्या फ्लॅटला त्याचा हिशोब वेगळा लागतो.

४) शेवटी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कर, वीजबिल.

६. पिटीशन आणि दोन तारखा

दाखल करताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, दोघांचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, सहमतीच्या अटी. नावांचं स्पेलिंग आधार, पासपोर्ट आणि पिटीशन तिन्हीकडे एकच आहे का बघा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं टाका.

त्यानंतर कायद्यानं सहा महिने थांबायचं, आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा सांगायचं की आम्हाला घटस्फोट हवाच आहे. हे सहा महिने माफ होऊ शकतात. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पिटीशनच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी-मुलं सगळं खरोखर मिटलं असेल आणि थांबण्यानं फक्त त्रास लांबणार असेल, तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, आणि तसा अर्ज पहिल्या तारखेनंतर आठवड्यानं करता येतो. माफी आपोआप मिळत नाही. "एका महिन्यात करून देतो" असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काउन्सेलर वेगवेगळं बसवून विचारेल, न्यायाधीशही विचारतील, कोणाचा दबाव आहे का. पाठ केलेलं उत्तर देऊ नका. मनात शंका असेल तर ती बोलायची जागा हीच.

*सावधान:* डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती काढून घेऊ शकतं. म्हणून सगळे पैसे पहिल्या तारखेलाच देऊन बसू नका, आणि सगळे नंतर घेऊ असंही म्हणू नका. रूढ पद्धत म्हणजे काही भाग पहिल्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या तारखेला कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टनं. पुढच्या तारखांचे चेक घेऊन डिक्री होऊ दिली तर चेक न वटल्यास तुम्ही नव्या केसमध्ये अडकता.

एक जण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं हजेरीची परवानगी मागता येते, पण ते पत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून यायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

७. डिक्रीनंतर

प्रमाणित नकला तीन-चार एकदम काढा, बँक, पासपोर्ट, सोसायटी सगळीकडे लागतात. मग एका बैठकीत हे उरका: ईपीएफ, विमा, बँक, म्युच्युअल फंडातलं नॉमिनेशन बदला, ते आपोआप बदलत नाही. जुनं मृत्युपत्र असेल तर नवं करा, घटस्फोटानं ते रद्द होत नाही. जोड खाती आणि ॲड-ऑन क्रेडिट कार्ड बंद करा.

आरोग्य विम्याकडे खास लक्ष द्या. नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत असलेली बायको घटस्फोटानंतर त्यातून बाहेर पडते, आणि नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारांना थांबण्याचा काळ लागतो, म्हणून स्वतःची पॉलिसी डिक्रीच्या बरीच आधी घेऊन ठेवा. ज्यांना मधुमेह, थायरॉइड असलं काही आहे त्यांनी तर वेगळं व्हायचं ठरलं त्याच महिन्यात.

दुसरं लग्न करायचं असेल तर कधीपासून मोकळे आहात हे वकिलाकडून लेखी विचारून घ्या. संमतीच्या डिक्रीवर अपील नसलं तरी तुमचं कोर्ट कोणतं, कायदा कोणता यावर उत्तर थोडं हलतं. आणि विवाह नोंदणी कार्यालयात डिक्रीची प्रमाणित नक्कल मागतातच, तिथे नाव किंवा लग्नाची तारीख चुकलेली निघाली की काम अडतं, म्हणून नक्कल हातात पडल्याच्या दिवशीच एकेक अक्षर तपासा, चूक असेल तर त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि तो वकिलाकडे तुमची फाईल अजून उघडी आहे तोवर करून टाका.